डाव्या पायातली कळ आणि टोमॅटोचा हंगाम: एका पिकअप चालकाचं सायटिकाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४१. नारायणगावच्या बाजारातून वाशीला टोमॅटो पोहोचवणारा चालक, गाडी स्वतःची आणि तिचा हप्ता चालू. याआधी दोनदा कंबर धरली होती, दोन्ही वेळा आठवड्याभरात आपोआप सुटली. मधुमेह, रक्तदाब असं काही माहीत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या प्रकरणात दुर्मिळ असं काहीच नाही, आणि ते लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. असे पाय धरून आलेले लोक कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याला दिसतात. यातले बहुतेक बरे होतात. थोड्यांना मात्र घाई करावी लागते, आणि ती घाई कुणासाठी करायची हे दुखण्याच्या जोरावरून कळत नाही.

मे महिन्याचा मधला आठवडा, हंगाम भरात. एरवी क्रेट हमाल उचलतात आणि चालक हौद्यात उभं राहून फक्त थर लावून घेतो. त्या रात्री हमाल कमी होते, म्हणून हे स्वतः खाली उतरले. भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा. वजन म्हणून हे काही फार नाही, शेतातल्या माणसाला तर नाहीच. पण कमरेत वाकून जमिनीवरून उचलायचं, तसंच वळायचं आणि फाळक्यावरून आत सरकवायचं, हे पुन्हा पुन्हा केलं की कमरेच्या खालच्या मणक्यांवर वाकण्याचा आणि पिळण्याचा ताण एकदमच येतो. निम्मी गाडी भरली असेल-नसेल तेव्हा कमरेत चमक भरली. माल थांबत नाही. उरलेली गाडी दुसऱ्यांनी भरली आणि हे चाकण-तळेगावमार्गे रात्रभर गाडी चालवत वाशीला गेले. परत आल्यावर सकाळी अंथरुणातून सरळ उठता येईना.

घरात निदान झालं: उसण भरली. मावशी पायाळू, तिनं कमरेला पाय लावला. तव्यावर फडकं गरम करून शेक झाला. चार दिवसांत कंबर बरीच सुटली. याला हसण्याचं कारण नाही. साधी भरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत आपोआपच सुटते, त्यामुळे शेवटचा हात ज्यानं लावला त्याला श्रेय मिळतं. ते श्रेय मावशीच्या पायाला जातं तसं माझ्या गोळीलाही जातं.

पाचव्या दिवशी दुखणं नितंबात आलं. तिथून मांडीच्या मागच्या अंगानं, पोटरीच्या बाहेरच्या कडेनं, पावलाच्या वरच्या भागावर आणि थेट अंगठ्यापर्यंत. शिंक आली की विजेचा झटका बसल्यासारखी कळ जायची. शौचाला उकिडवं बसणं अशक्य झालं. घरच्यांना वाटलं, कंबर सुटली, दुखणं खाली उतरतंय, आता अंगठ्यातून निघून जाईल. नेमकी उलटी गोष्ट घडत होती. कमरेपुरतं दुखणं स्नायूचं, सांध्याचं, दोन मणक्यांमधल्या गादीचं, कशाचंही असू शकतं. गुडघ्याच्या खाली ठरावीक रेषेत उतरणारी, मुंग्या आणि बधिरपणा सोबत घेऊन येणारी कळ बहुधा मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाची असते. यालाच सायटिका म्हणतात.

पुढचे पंधरा दिवस नेहमीच्या रस्त्यानं गेले. एका हाडवैद्यानं पाय ओढून नस बसवली. त्या रात्री झोप लागली नाही. मग एका ठिकाणी तीन दिवस कमरेत इंजेक्शन. मग कुणीतरी सांगितलेल्या माणसाकडून काळपट भुकटीच्या पुड्या, दिवसाला दोन. पुडीनं दुसऱ्याच दिवशी जादू केली. पाय हलका झाला, भूक वाढली, रात्री झोप उडाली तरी दिवसा उत्साह. बारा दिवसांनी पुड्या संपल्या आणि कळ दुप्पट होऊन परत आली. तेव्हा ते माझ्याकडे आले.

तपासणीत काय दिसलं

खोलीत येतानाच माणूस उजवीकडे कललेला होता. नसेवरचा दाब कमी व्हावा म्हणून शरीर स्वतःच असं झुकतं, रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. खुर्चीवर बसले ते अर्ध्या नितंबावर. सोबत वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, होत्या आणि हातात पिशवीभर चिठ्ठ्या. सगळ्या चिठ्ठ्यांवर औषधं होती, तपासणीची एकही ओळ नव्हती.

मी विचारलं, "दादा, चप्पल निसटते का पायातून?"

ते दचकले. "डावी निसटते. पट्टा ढिला झालाय म्हणून नवी घेतली, तीपण निसटते."

आजवर त्यांना कुणी मोजे काढायला सांगितलं नव्हतं. पाय उघडे करून दोन्ही अंगठे वर ताणायला सांगितले आणि मी माझ्या बोटानं खाली दाबून पाहिलं. उजवा अंगठा दाबला जाईना. डावा थोडा विरोध करून खाली गेला. स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजतात. हा ४ होता. टाचांवर चालायला लावलं तर डाव्या पावलाचा पुढचा भाग दोन पावलांत खाली टेकायचा. चवड्यांवर मात्र नीट चालले. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की होणारी हालचाल दोन्हीकडे सारखी. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापसाचा स्पर्श डावीकडे कमी कळत होता.

उताणं झोपवून डावा पाय सरळ ठेवून वर उचलला. जेमतेम ३५ अंशांवर पोटरीपर्यंत कळ. मग उजवा पाय उचलला, तो ७० अंशांपर्यंत गेला, पण दुखलं डाव्या पायात. ही खूण महत्त्वाची. दुखरा पाय उचलल्यावर दुखणं हे गादीच्या त्रासात बहुतेक सगळ्यांना होतं, पण इतर कारणांनीही होतं. चांगला पाय उचलल्यावर वाईट पायात कळ जाणं थोड्यांनाच होतं, पण झालं तर गादीचा भाग बाहेर येऊन नसेला भिडलाय याची खात्री बरीच वाढते.

एवढ्यावरून जागा ठरते. कमरेचे मणके पाच, एल-१ ते एल-५, त्याखाली माकडहाडाच्या वरचा सेक्रम. अंगठा वर उचलण्याचं आणि पावलाच्या वरच्या भागाच्या संवेदनेचं काम मुख्यतः एल-५ च्या मुळाकडे. तेच एस-१ चं, म्हणजे सेक्रमच्या पहिल्या नसेचं, मूळ असतं तर चवड्यावर उभं राहणं जड गेलं असतं आणि हातोडीनं होणारी टाचेची हालचाल मंदावली असती. एल-४ असतं तर गुडघ्याची. कमरेतल्या गादीचा त्रास बहुतांशी शेवटच्या दोन जागांवरच होतो, एल-४ व एल-५ च्या मध्ये किंवा एल-५ व सेक्रमच्या मध्ये. कागदावर लिहिलं: डावं एल-५ मूळ, बहुधा एल-४/५ ची गादी.

उरलेले प्रश्न दुसऱ्या आजारांचे होते. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, जुना खोकला, घरात कुणाला टीबी? आपल्याकडे मणक्याचा टीबी ही पुस्तकातली गोष्ट नाही. कंबरदुखीला महिना झाला आणि माणूस वाळत चालला असेल तर तो आधी डोक्यात यायला हवा. कर्करोग होऊन गेलाय का? पडझड? यांचं सगळ्याला नाही. कण्यावर बोटांनी ठोकलं, दुखलं नाही. खुबा फिरवला, मोकळा. पावलावरच्या रक्तवाहिनीचे ठोके दोन्हीकडे लागले. इंजेक्शनबद्दल मुद्दाम विचारलं, कारण नितंबात चुकीच्या जागी दिलेली सुई थेट सायटिक नसेला इजा करू शकते आणि पाऊल लुळं पडू शकतं. पण तशी इजा झाली असती तर सुई टोचताना किंवा लगेच नंतर कळ गेली असती. यांची चप्पल इंजेक्शनच्या आधीपासून निसटत होती, आणि चांगला पाय उचलल्यावर दुखणं हेही सुईच्या इजेत बसत नाही.

शेवटचे प्रश्न विचारायला दोघांनाही संकोच होतो, म्हणून ते मी वहिनींसमोरच साध्या शब्दांत विचारतो. लघवी लागल्याचं कळतं का? धार सुरू व्हायला वेळ लागतो का? शौचानंतर धुताना हाताचा स्पर्श मागे कळतो का? संबंधात काही फरक? उत्तरं ठीक होती. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू एल-१, एल-२ च्या आसपास संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका लोंबतो आणि त्यातल्याच नसा लघवी, शौच आणि जांघेतली संवेदना सांभाळतात. गादीचा मोठा तुकडा मधोमध येऊन हा झुबका दाबला तर शस्त्रक्रिया तासांच्या हिशोबात करावी लागते. आठवड्यानं करून भागत नाही.

साखर बघितली: २१८. पुडीत काय होतं ते तपासून घेतलेलं नाही, त्यामुळे नाव ठामपणे घेता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी येणारा आराम, वाढलेली भूक, उडालेली झोप, किंचित सुजलेला चेहरा आणि ही साखर एकत्र ठेवली की स्टेरॉइडचा संशय येतोच. अशा भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं नवं नाही. बारा दिवसांचंच होतं म्हणून पुन्हा सुरू करू नका एवढं सांगून भागलं. महिनोन् महिने घेणाऱ्याला एकदम बंद करा म्हणणंही धोक्याचं असतं, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थांबलेलं असतं.

त्या दिवशी ठरलेलं

वहिनींचा पहिला प्रश्न: "एमआरआय काढायचा ना?" मी म्हटलं, आज नको. हे उत्तर लोकांना कंजूषपणाचं किंवा अडाणीपणाचं वाटतं. पाच-सात हजारांचा प्रश्न आहेच, पण मूळ अडचण वेगळी. २०१५ मध्ये तीन हजारांवर निरोगी, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसत होत्या, निम्म्यांच्या फुगलेल्या आणि तिसऱ्या हिश्श्याच्या एका बाजूला बाहेर आलेल्या. म्हणजे त्या बाजारातल्या कुठल्याही चालकाला मशीनमध्ये घातलं तर रिपोर्टवर काहीतरी निघणारच. एमआरआय काढायचा तो उत्तरानं पुढचं पाऊल बदलणार असेल तेव्हा: शस्त्रक्रियेचा विचार असेल, ताकद झपाट्यानं जात असेल, लघवीची तक्रार असेल, टीबी किंवा गाठीचा संशय असेल. अंगठ्याची ताकद ४ आणि स्थिर असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं; ३ किंवा त्याहून कमी झाली तर थांबायचं नाही. दर आठवड्याला अंगठा तपासायचा ठरलं. वहिनींना घरी कसा बघायचा तेही दाखवलं, आणि लघवीच्या त्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर बदललं तर रात्र आहे की दिवस ते न बघता फोन करायचा, हे दोघांकडून वदवून घेतलं.

पट्टा हवा होता त्यांना. पट्ट्याला माझा राग नाही, प्रवासात आधार वाटत असेल तर तासभर बांधा. पण त्यानं गादी आत जात नाही. वजन लावून पडून राहण्याचंही तेच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना पट्टा आणि वजन दोन्ही देऊ नका असं स्पष्ट सांगतात. अंथरुणावर पडून राहण्याबद्दल १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्याच रुग्णांवर प्रयोग झाला: दोन आठवडे झोपून राहिलेले आणि जमेल तसं हिंडणारे, दोघांत फरक निघाला नाही. मग दोन आठवड्यांची मजुरी कशाला घालवायची? अर्थात यांना गाडी चालवणं आणि क्रेट उचलणं बंदच होतं. हिंडायचं ते घराभोवती, पाच-दहा मिनिटं, दिवसातून अनेकदा. बसणं कमीत कमी. झोपताना उताणं आणि गुडघ्याखाली लोड, किंवा कुशीवर आणि गुडघ्यांमध्ये उशी. फळीवर झोपायची गरज नाही. शौचाला उंच भांडं किंवा खाली भोक पाडलेली खुर्ची.

औषधात साधी वेदनाशामक गोळी, जेवणानंतर, थोड्या दिवसांसाठी, मूत्रपिंडाची तपासणी बघून. "नसांची गोळी" मी दिली नाही. आपल्याकडे पायात कळ म्हटलं की प्रीगॅबालिन आणि बी-१२ ची जोडगोळी लिहायची सवय पडली आहे. सिडनीत सायटिकाच्या दोनशेहून थोड्या जास्त रुग्णांवर प्रीगॅबालिन आणि बिनऔषधाची गोळी यांची तुलना झाली, निकाल २०१७ मध्ये आला: पायदुखीत फरक नाही, चक्कर मात्र प्रीगॅबालिनवाल्यांना जास्त. रात्री घाटातून गाडी चालवणाऱ्याला चक्कर आणणारी गोळी द्यायची, तीही फायदा दिसत नसताना, हे मला पटत नाही.

लघवीची रात्र

पुढच्या आठवड्यात अंगठा तसाच, ४. कळ थोडी कमी. पण घरात धीर संपला होता. मेहुण्यांनी शेजारच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. तिथे वेदनेसाठी ट्रॅमाडॉल आणि रात्रीसाठी ॲमिट्रिप्टिलीन मिळालं. दुसरं मत घ्यायला हरकत कसली, घ्यावंच. फक्त आधीची चिठ्ठी सोबत न्यावी आणि नवीन चिठ्ठी आधीच्या डॉक्टरला दाखवावी.

दोन दिवसांनी रात्री साडेदहाला वहिनींचा फोन. "डॉक्टर, यांना दुपारपासून लघवीच झाली नाही. पोट फुगलंय. तुम्ही सांगितलं होतं म्हणून फोन केला."

नवीन गोळ्यांची नावं ऐकताच कारणाचा अंदाज आला होता. दोन्ही औषधं लघवी अडकवू शकतात. पण हा अंदाज घरी बसून करायचा नसतो. गादीचा त्रास असलेल्या माणसाची लघवी थांबली की तो झुबका दाबला गेलाय असं धरूनच चालायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही. जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही रात्री मिळतात अशा पुण्याकडच्या रुग्णालयात थेट जायला सांगितलं. मधल्या कुठल्या दवाखान्यात नळी घालून सकाळी बघू म्हणतील, तिथे थांबायचं नाही. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत. मेहुण्यांची गाडी होती; नसती तर १०८.

तिथे नळी घातली, ७०० मिलि लघवी निघाली. जांघेत आणि गुदद्वाराभोवती टाचणीचा स्पर्श नीट कळत होता, गुदद्वाराचा स्नायू आवळता येत होता. दोन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या, पण तेवढ्यावर कुणी थांबलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रात्रीच एमआरआय झाला. एल-४/५ च्या गादीचा तुकडा डावीकडे बाहेर येऊन एल-५ च्या मुळाला भिडलेला. मधला झुबका मोकळा. दोन्ही गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी नळी काढली, लघवी झाल्यावर सोनोग्राफीत मागे फक्त ४० मिलि उरली होती.

रिपोर्ट हातात आल्यानंतर

तोपर्यंत रिपोर्ट सगळ्या भावकीत फिरला होता. एल-३/४ फुगलेली, एल-४/५ बाहेर आलेली, एल-५/एस-१ झिजलेली: तीन गाद्या गेल्या! एका चुलत्यानं सांगितलं, आता आयुष्यभर वाकायचं नाही. खरं तर त्या कागदावरची एकच ओळ तपासणीशी जुळत होती, डाव्या एल-५ ची. बाकीच्या दोन तशाच असत्या तरी त्यांना कधी कळलं नसतं.

सर्जननी दोन्ही रस्ते समोर ठेवले, आणि घाई केली नाही. गादी नसेला दाबते म्हणून पाय दुखतो हे १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी दाखवलं. तेव्हापासून तुकडा काढणं हा सरळ उपाय वाटत आला. पण दाब ही अर्धीच गोष्ट. गादीच्या आतला मऊ भाग बाहेर पडला की तिथे रासायनिक दाह होतो, आणि नस दाबाबरोबर त्या दाहानंही चिडते. शरीर तो तुकडा हळूहळू खाऊन टाकतं. जितका तुकडा पूर्णपणे बाहेर पडलेला, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त. रिपोर्टमध्ये भयंकर दिसणारी गादी बऱ्याचदा जास्त भरवशाची असते, हे रुग्णाला पटवणं सगळ्यात अवघड.

नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला थांबवलं आणि लागली तरच केली. लवकर केलेल्यांना आराम साधारण चार आठवड्यांत, थांबलेल्यांना बारा आठवड्यांत. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांची मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. मला या आकड्यांतून असं दिसतं की शस्त्रक्रिया बरं होण्यापेक्षा वेळ विकत देते. तो वेळ कुणाला किती महाग पडतो ते डॉक्टर ठरवू शकत नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाकडे वैद्यकीय रजा असते. गाडीचा हप्ता असलेल्या चालकाला आठ आठवडे लवकर बरं होणं हे अगदी शहाणपणाचं कारण ठरू शकतं, आणि तसं त्यांनी ठरवलं असतं तर मी अडवलं नसतं. सुई देऊन नसेजवळ स्टेरॉइड सोडण्याचा मधला पर्यायही निघाला. त्याचा फायदा थोडा आणि थोड्या काळाचा; साखर आधीच चढलेली असताना तो तूर्त बाजूला ठेवला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, कुठली कागदपत्रं लागतील, याची चौकशी मेहुण्यांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करून ठेवली.

निर्णय शेवटी हिशोबानं झाला. धाकटा भाऊ गाडी चालवायला तयार झाला, हप्ता निघेल एवढं भाडं येत होतं, आणि अंगठा ४ वरून खाली सरकला नव्हता. थांबायचं ठरलं, आणि ताकद घटली तर त्याच सर्जनकडे लगेच जायचं.

परत चढणारं दुखणं

फिजिओथेरपीत पहिल्या दिवशी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला लावली. हे सगळ्यांना मानवत नाही; कुणाला पुढे वाकल्यानं बरं वाटतं, कुणाला मागे. यांची पोटरीतली कळ चार-पाच वेळा उठल्यावर मांडीपर्यंत मागे आली, पण कंबर जास्त दुखायला लागली. ते घाबरून थांबले. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "काका, कंबर दुखू दे. पाय सुटतोय ना? मग चालू ठेवा." कळ पावलाकडून कमरेकडे गोळा होत जाणं ही चांगली खूण, मग कंबर तात्पुरती जास्त दुखली तरी. उलट एखाद्या व्यायामानं दुखणं खाली उतरत असेल तर तो सोडायचा, कितीही नामांकित असला तरी. घरी करायला त्यांना एवढीच एक कसोटी दिली होती, आणि व्यायामांच्या छापील तक्त्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

जूनअखेर कळ पोटरीच्या वर आली. जुलैच्या मध्यात रात्रभर झोप लागायला लागली. मग वजन उचलण्याचं शिकवणं सुरू झालं: रिकामा क्रेट, मग पाच किलो, मग दहा, गुडघे आणि खुबे वाकवून, क्रेट छातीशी, वळायचं ते पावलं टाकून. "आता कधीच वाकू नका" हा चुलत्यांचा सल्ला मी जाणूनबुजून खोडून काढला. वाकायला घाबरणारा माणूस कंबर ताठ ठेवून वावरतो, स्नायू आखडतात आणि नस बरी झाल्यावरही दुखणं राहतं.

गाडी कधी चालवायची हा प्रश्न दुखण्यावर सोडला नाही. डावा पाय क्लचचा. पेडल दाबायला पोटरी आणि मांडीचा जोर लागतो, तो यांचा कधी गेलाच नव्हता. अडचण पाय उचलण्यात होती. चवडा वर येत नसेल तर तो पेडलच्या कडेत अडकतो. म्हणून उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, भावाला शेजारी बसवून सलग पन्नास वेळा क्लच दाबून सोडायचा. पाय एकदाही अडकता कामा नये, आणि वेदनेची गोळी न घेता. जुलैअखेर हे जमलं. मग आधी नारायणगाव ते चाकण, दिवसा, तासाला एकदा उतरून चालणं, वाशी ऑगस्टमध्ये.

सप्टेंबरच्या तपासणीत अंगठ्याची ताकद दोन्हीकडे सारखी होती आणि टाचांवर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता आलं. बेचक्यातला बधिरपणा थोडा उरलाय. संवेदना ताकदीपेक्षा हळू परतते, कधी थोडी राहूनही जाते. एमआरआय पुन्हा काढायचा का, असं त्यांनी विचारलं. पाय सुटलाय, ताकद आलीय, मग फोटोतून काय ठरवायचं? नाही काढला. आडत्याशी त्यांनी नव्यानं बोलणी केली आहेत: भरायला हमाल पूर्ण असतील तरच गाडी लावायची, आणि हमाली भाड्यातून कापायची नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. ती मधुमेहात मोडत नाही, पण उंबरठ्यावर आहे, म्हणून पुढची तारीख दिली ती कमरेसाठी नव्हे, साखरेसाठी.